कांद्याच्या गोण्या आणि वाळकीकरांची माडी

माझ्या सहीला दोन प्रकारची गिऱ्हाइकं असतात. एकाला इमारत धोकादायक ठरवून हवी असते, दुसऱ्याला भक्कम. एकदा तर हे दोघं एकाच सकाळी माझ्या ऑफिसबाहेरच्या बाकावर शेजारीशेजारी येऊन बसले. एक घरमालक, दुसरा त्याचा भाडेकरू. भाडेकरूनं मालकाच्या गुडघेदुखीची चौकशी केली, मालकानं त्याला आपल्या थर्मासमधला चहा दिला, आणि मग पाळीपाळीनं आत येऊन दोघं एकाच चाळीबद्दल बोलले. मालक म्हणाला, "मॅडम, आज पडते की उद्या अशी गत आहे." भाडेकरू म्हणाला, "मॅडम, तोफ लावा, हलायची नाही." मी जाऊन पाहिलं. छपराचं लाकूड किडलं होतं आणि भिंती उत्तम होत्या. तसं लिहून दिल्यावर दोघांनीही माझ्याशी बोलणं टाकलं.

सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी जुन्या इमारती तपासून त्यांच्या प्रकृतीचा अहवाल देते. स्ट्रक्चरल ऑडिट हे त्याचं भारदस्त नाव. आता त्यासाठी नाना यंत्रं मिळतात, मी ती वापरतेही. पण निम्मं काम अजून लाकडी हातोडी, दाभण, ओळंबा आणि काचेच्या पट्ट्या यांच्यावरच चालतं. हातोडीनं भिंत ठोकायची. भरीव असेल तर एक आवाज येतो, आतून सुटलेली असेल तर दुसरा. दाभण तुळईच्या टोकाला, जिथं ती भिंतीत शिरते तिथं खुपसून बघायचं. लाकूड कुजायला सुरुवात तिथूनच होते. आणि भिंतीला तडा असेल तर त्याच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवून ठेवायची. काही आठवड्यांनी पट्टी तुटलेली दिसली तर तडा अजून वाढतोय. शाबूत असेल तर तो जुना आहे, त्याचं जे काय व्हायचं ते होऊन गेलंय.

मी इंजिनिअर झाले तेव्हा नगर जिल्ह्यात साइटवर जाणारी बाई म्हणजे बघायला गर्दी व्हायची. साडीचा पदर खोचून शिडीवर चढले की खालून कुणीतरी विचारणारच, "साहेब कधी येनार हायेत?" मी वरून सांगायचे, "साहेब वर आलेत." पुढं पुढं लोक सरावले.

या कामात हळहळही पुष्कळ साठते. राजूरच्या पलीकडे डोंगरातल्या एका गावात दगडी जोत्यावर सागाच्या खांबांची जुनी शाळा होती. मी ती तपासली, चार कौलं आणि दोन वासे बदलले की झालं असं लिहिलं. अहवाल पोचेपर्यंत शाळा पाडूनही झाली होती. तिच्या जागी स्लॅबची शाळा आली, आणि पुढच्याच पावसाळ्यात पोरं आत छत्र्या उघडून बसलेली मी पाहिली. 

म्हणूनच वाळकीकरांच्या माडीची गोष्ट सांगायला मला आवडते. ती तशी संपली नाही.

नगरच्या बाजारपेठेत चौकाच्या कोपऱ्यावर वाळकीकर भांडार उभं आहे. शहराचं नाव आता कागदोपत्री अहिल्यानगर झालं, पण भांडाराला गावातलं माणूस 'माडी' म्हणतं ते म्हणतंच. तळमजल्यावर भांडी, ट्रंका, छत्र्या, स्टेशनरी, खेळणी. पहिल्या माडीवर साड्या, दुसऱ्या माडीवर शर्ट-पँटचं कापड, सतरंज्या आणि गाद्या. लग्न ठरलं की खेड्यापाड्यातून अख्खी वऱ्हाडं बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी एका बैठकीत उरकायला, इथं येतात. सकाळी जीपमधून उतरलेली माणसं संध्याकाळी सुईपासून रुखवताच्या पातेल्यापर्यंत सगळं घेऊन परत चढतात. ही कल्पना सध्याचे मालक वसंतशेठ यांच्या आजोबांची. माणसानं दहा दुकानं हिंडू नयेत, एका छपराखाली सगळं मिळावं, म्हणून त्यांनी ही इमारत मुद्दाम दुकान म्हणूनच बांधून घेतली.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात चार दिवस झड लागली आणि माडीच्या दर्शनी भिंतीच्या माथ्यावरची नक्षीची पट्टी एका कोपऱ्यात सुटून खाली रस्त्यावर पडली. एका उभ्या स्कूटीची सीट चिरडली. माणसाला लागलं नाही. तिसऱ्या दिवशी महापालिकेची नोटीस आली: इमारत रिकामी करा, धोकादायक वाटते, तपासणीचा अहवाल द्या, अन्यथा पाडून टाकू.

माझ्याकडे आधी आला नीलेश. वसंतशेठचा पुतण्या, चाळिशीतला, निम्म्या माडीचा मालक. त्यानं टेबलावर एक रंगीत चित्र उलगडलं. माडीच्या जागी काचेची सात मजली इमारत. एक बिल्डर त्याच्या मागं लागला होता.

"मॅडम, तुम्ही फक्त पाडण्यायोग्य आहे एवढं लिहा. बाकी मी बघतो."

"न बघता कसं लिहू?"

"बघा ना. पण मला माहितीय काय निघणार." मग त्यानं चित्र पुन्हा गुंडाळलं आणि खालच्या आवाजात बोलला, "मॅडम, तुम्हाला वाटेल पैशासाठी चाललंय. तेही आहे, नाही म्हणत नाही. पण ती स्कूटी ज्या बाईची होती ती लेकराला कडेवर घेऊन मिनिटापूर्वी आत आली होती. मी दारात उभा होतो. ती पट्टी पडताना मी पाहिलीय. त्या दिवसापासून दुकानात पाऊल टाकलं की मी आधी वर बघतो."

मला त्याचा राग आला नाही. इमारतीला घाबरणारा माणूस तिच्यावर आंधळा विश्वास टाकणाऱ्यापेक्षा मला बरा वाटतो.

दुपारी मृणाल आली. वसंतशेठची सून. शेठ ऐंशीच्या पुढं गेले होते, मुलगा नोकरीनिमित्त परदेशात, त्यामुळे दुकान तीच चालवायची. तिच्या हाताखाली तीसेक माणसं. नोटिशीमुळे ती सगळी त्या दिवशी मागच्या गल्लीतल्या पायऱ्यांवर बसून होती.

"सुरक्षित आहे असं लिहाल ना, मॅडम?"

"बघितल्यावर सांगते."

"आणि वाईट निघालं तर?"

"तर तसंच लिहीन. पण तुला आधी सांगीन."

पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढून तिनं माझ्यासमोर ठेवला. "मग सगळ्याच खोल्या बघा. माळेसुद्धा. आम्हालाही कळू दे."

दुसऱ्या दिवशी मी रशीद मिस्त्रींना घेऊन आत शिरले. रशीद मिस्त्री म्हणजे चुन्याच्या कामातले माझे जुने सोबती. मी खात्यात होते तेव्हापासून आम्ही बरोबर भिंती ठोकत आलोय. ते डावीकडून ठोकतात, मी उजवीकडून, आणि मध्ये भेटलो की एकमेकांचं पडताळून बघतो.

पहिल्या नजरेला माडीत जुनं काही दिसतच नव्हतं. वर थर्माकोलचं खोटं छत, खाली चकचकीत फरशी, भिंतींना प्लायवूड, सगळीकडे पांढरे दिवे. बाहेर तर पूर्ण दर्शनी भिंत लोखंडी पत्र्याच्या भल्यामोठ्या पाटीनं झाकलेली. गेली कित्येक वर्षं मी या दुकानात येतेय, पण दुकानाचा चेहरा कसा आहे हे मलाही माहीत नव्हतं. खोट्या छताचे चार चौकोन काढले, शिडी लावली, विजेरी वर मारली आणि मी शिडीवरच थांबले.

"काय दिसतं, बाई?" खालून मिस्त्रींनी विचारलं.

"वर या. सांगून नाही कळायचं."

छताच्या वर अस्सल सागाचे वासे आणि तुळया होत्या. एकेक तुळई दोन हातांत मावणार नाही एवढी. त्यांच्यावर फळ्यांचा कडीपाट. आणि इमारतीच्या मधोमध एक मोठा चौकोन, जो कधीतरी फळ्या आणि प्लाय ठोकून बंद केला होता. म्हणजे मूळची माडी आतून पोकळ होती! मध्ये खालपासून वरपर्यंत मोकळा चौक, त्याच्याभोवती दोन्ही मजल्यांचे सज्जे, सज्ज्यांना बिडाची नाजूक जाळी. आणि दुसऱ्या माडीचंही खोटं छत उघडलं तर सगळ्यात वर काचेचं छप्पर, त्याच्यावर पत्रे. काचांना आतून काळा रंग फासलेला.

वसंतशेठना आम्ही खुर्चीत बसवून तिथं नेलं. ते खालून वर बघत राहिले.

"युद्धाच्या वेळी काळोख पाळायला लागायचा," ते म्हणाले. "आपलं लष्कराचं गाव. तेव्हा मीच गड्यांकडून काचा काळ्या करून घेतल्या. मग त्या गळायला लागल्या म्हणून पत्रे टाकले. मग जागा पुरेना म्हणून चौक बुजवला. एकेक करत गेलो. आधी इथं खाली उभं राहिलं की सगळं दुकान दिसायचं. आणि रंग काय दिसायचे साड्यांचे!" मग त्यांनी काठीनं एका तुळईकडे दाखवलं. "ती लोखंडी कडी दिसते? तशा आणखी आहेत. खेड्यातनं बाया तान्ही पोरं घेऊन यायच्या. आमची आजी त्या कड्यांना झोळ्या बांधून द्यायची. पोरं झोपायची, बाया निवांत लुगडी बघायच्या."

मृणाल त्या कडीकडे बघत उभी होती. या घरात लग्न होऊन आल्याला तिला वीस वर्षं झाली होती आणि ती कडी तिच्या डोक्यावर एवढी वर्षं होती.

पण कौतुकानं इमारत उभी राहत नाही. आम्ही आठवडाभर ठोकाठोक केली. मागच्या आणि बाजूच्या भिंती खणखणीत होत्या. मिस्त्री चुन्याचा खपला हातात घेऊन म्हणाले, "बाई, ह्यो चुना अजून जिता हाय." दर्शनी कोपऱ्यात मात्र दाभण तुळईच्या टोकात लोण्यात जावं तसं गेलं. शेजारच्या तुळईतही. त्या कोपऱ्यातल्या तड्यावर लावलेली काचपट्टी चौथ्या दिवशी तुटली.

मी त्याच तासाला तिथं टेकू लावून घेतले आणि मृणालला फोन केला. "पुढचा कोपरा वाईट आहे. आज आत कुणी जायचं नाही."

ती म्हणाली, "सांगितलंत ते बरं झालं."

आता प्रश्न असा की तोच कोपरा का? बाकी सगळी इमारत धडधाकट असताना? मी गच्चीवर गेले. गच्चीला पाणी काढायला दगडी पन्हळी होत्या, समोरच्या बाजूला. त्या पन्हळींच्या तोंडावरच पत्र्याची पाटी ठोकलेली. गच्चीवरचं पाणी वर्षानुवर्षं बाहेर पडायला जागा नसल्यानं भिंतीत मुरत होतं. त्यातून भिंतीला कधीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला. चुन्याची भिंत ओली झाली की वाळते, तिला तशी सवय असते. वरून सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते. आणि अगदी त्याच कोपऱ्यावर, गच्चीत, सिमेंटची पाण्याची भलीथोरली टाकी. पाटीसाठी भोकं पाडली ती नेमकी नक्षीच्या पट्टीतून. पट्टी पडणार नाही तर काय होईल!

मी अहवालात लिहिलं की धोका खरा आहे, आणि तो इमारतीवर नंतर चढवलेल्या वस्तूंमुळे आहे. पाटी काढा, टाकी हलवा, पन्हळी मोकळ्या करा, सिमेंट उतरवा, दोन तुळयांची टोकं कापून जुन्याच सागाचे जोड द्या. शेवटी एक परिच्छेद मी माझ्या कामाच्या बाहेरचा लिहिला: नगरला किल्ला आहे, मकबरे आहेत, ते सगळे आपण जपतो, पण या जिल्ह्यातल्या साध्या माणसांनी लग्नाची कापडं कुठं घेतली, हाही इतिहासच आहे, आणि मुद्दाम दुकान म्हणून बांधलेली इतकी जुनी इमारत माझ्या पाहण्यात दुसरी नाही. तिचं नाव शहराच्या वारसा यादीत घ्यावं.

सुनावणीला महापालिकेचे इंजिनिअर होते. तरुण, अभ्यासू. अहवाल त्यांनी ओळन् ओळ वाचलेला.

"मॅडम, मला पटतंय," ते म्हणाले. "पण दिवाळी तोंडावर आली. मी नोटीस मागं घेतली की माझ्या सहीवर हजारो माणसं त्या माडीवर चढणार. सागाच्या एवढ्या जुन्या तुळया किती भार घेतील हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. उद्या काही झालं तर?"

शेजारी बसलेला नीलेश म्हणाला, "हेच मी म्हणतोय."

सहीचं ओझं काय असतं ते मला माहीत आहे. मी म्हटलं, "पुस्तकात नाही ना? मग तुळयांनाच विचारू. भार-चाचणी घेऊ."

भार-चाचणी म्हणजे सोपं गणित. ऐन गर्दीत एखाद्या मजल्यावर जेवढी माणसं आणि माल मावेल, त्याहून जास्त वजन तिथं पसरून ठेवायचं. एक दिवस एक रात्र तसंच राहू द्यायचं. तुळया किती वाकल्या ते खालून नाजूक मापकांनी मोजायचं. मग वजन उतरवायचं. मुकाट परत वर आल्या तर त्यांच्यात ताकद आहे. वाकलेल्याच राहिल्या तर माझा अहवाल फाडून टाकायचा आणि माडी पाडायची. इंजिनिअरसाहेब कबूल झाले. नीलेशही कबूल झाला, पण म्हणाला, "मी समोर उभा राहून बघणार."

दोन खराब तुळयांच्या जागी टेकू होते. चाचणी साड्यांच्या माडीच्या बाकीच्या सबंध मजल्याची. एवढं वजन आणायचं कुठून? वाळूच्या गोण्या भरून आणायच्या तर त्यातच आठवडा गेला असता. त्या वेळी मृणालच्या समोर राहुरीकडचे रावसाहेब बसले होते. कांद्याचे मोठे बागायतदार, माडीचं पिढीजात गिऱ्हाईक. नातीच्या लग्नाच्या बस्त्याची तारीख ठरवायला आले होते आणि दुकान बंद बघून हबकले होते.

"वजनच पायजे ना?" ते म्हणाले. "माज्या कांद्याच्या चाळीत माल पडून हाय. परवा मार्केटला न्यायचाच हाय. त्याच्या आदी तुमच्या माडीवर दोन दिस मुक्काम करंल. काय फरक पडतो कांद्याला?"

"रावसाहेब, साड्यांच्या माडीवर कांदे?" मृणाल म्हणाली.

"आमच्या घरातल्या चार पोरींची कापडं त्या माडीवर काडली. आता कांद्याला न्हाई म्हन्ता व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारपेठेत एकामागून एक टेम्पो येऊन लागले. गर्दी जमली. हमालांनी गोण्या उतरवायला सुरुवात केली तशी मी त्यांना थांबवलं आणि दारातच वजनकाटा मांडला. प्रत्येक गोणी मोजूनच वर.

रावसाहेबांना ते लागलं. "मॅडम, माज्या गोनीवर इस्वास न्हाई तुमचा?"

"तुमच्यावर आहे, रावसाहेब. पण उद्या हे कागद बघणारा माणूस तुम्हाला ओळखत नसेल."

"हे मातर खरं हाय," ते म्हणाले, आणि मग स्वतःच काट्याशेजारी बसून हमालांना दामटायला लागले.

आम्ही मजल्याचे चौकोन आखले होते. गोण्या सगळीकडे सारख्या रचायच्या, एका कोपऱ्यात ढीग नको. खाली तुळयांच्या पोटाला मापकं लावलेली, आणि तुळयांच्या खाली बोटभर अंतर सोडून लोखंडी टेकू. वाईटात वाईट काही झालं तर मजला त्यांच्यावर टेकावा म्हणून. मी दाराजवळून दुर्बिणीतून मापकं वाचत होते. शेजारी इंजिनिअरसाहेब, त्यांच्या मागं नीलेश, आणि खुर्चीत वसंतशेठ. त्यांना घरी पाठवायचा प्रयत्न सगळ्यांनी केला होता.

पहिला थर झाला. मापकांचे काटे किंचित हलले. दुसरा झाला, अजून थोडे. तिसरा थर निम्मा रचून झाला आणि वरून 'कडाड्' असा आवाज आला.

हमाल जागच्या जागी थिजले. नीलेश ओरडला, "उतरा! सगळे खाली उतरा!" आणि जिन्याकडे धावला. डोळे मी दुर्बिणीतून काढले नाहीत. पहिलं मापक. दुसरं. तिसरं. कुठलाही काटा जागचा हलला नव्हता. तुळई मोडली असती तर काट्यानं आधी सांगितलं असतं.

"थांबा," मी म्हटलं. "मिस्त्री, मधल्या तुळईच्या वर बघा. सावकाश."

मिस्त्री बाजूच्या सज्ज्यातून वाकून बघत होते. मिनिटभरानं त्यांचा आवाज आला. "बाई, सिमेट फुटलं! तुळईवर कुनीतरी सिमेट थापलं हुतं, ते सुटून पडलं. लाकूड हाय तसं हाय."

सागाची तुळई भाराखाली सुतभर वाकली होती, आणि सिमेंटला तेवढंही वाकता येत नव्हतं. इंजिनिअरसाहेबांनी स्वतः वर जाऊन तो सिमेंटचा तुकडा खाली आणला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "रचा पुढं."

संध्याकाळपर्यंत सगळ्या गोण्या चढल्या. दाराला कुलूप लावलं, किल्ली साहेबांच्या खिशात. त्या रात्री मी झोपले असं मी म्हणणार नाही.

सकाळी दार उघडायला गेलो तेव्हा पायरीवर नीलेश आमच्या आधी येऊन बसला होता. दाढी नाही, डोळे लाल. मी मापकं वाचली. साहेबांनी वाचली. अदलाबदल करून पुन्हा वाचली. नियमानं जेवढं वाकायला परवानगी आहे त्याच्या निम्म्यानंसुद्धा मजला वाकला नव्हता.

"हे अर्धंच झालं," मी नीलेशला म्हटलं. "आता उतरवायचं."

गोण्या खाली यायला लागल्या आणि काटे मागं सरकायला लागले. हमालांना आता कळलं होतं काय चाललंय, दर थराला ते थांबून विचारायचे, "आली का वर?" मी म्हणायचे, "येतेय." शेवटची गोणी दाराबाहेर गेली तेव्हा काटे जवळजवळ पहिल्या जागी येऊन थांबले. साहेबांनी दुर्बिणीतून डोळा काढला, माझ्याकडे वळले आणि हात पुढं केला. "मॅडम, मी सही करतो."

बाहेर कुणीतरी ते ऐकलं आणि बाजारपेठेत जो गलका उठला! मागच्या पायऱ्यांवरची सगळी माणसं धावत पुढं आली. साड्यांच्या काउंटरवरच्या दोघी गळ्यात गळा घालून रडत होत्या. वसंतशेठ खुर्चीतून उठले, चालत एका खांबापाशी गेले आणि त्याच्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. रावसाहेब टेम्पोच्या टपावरून ओरडले, "माजा कांदा लई गुनाचा!"

नीलेश माझ्यापाशी आला. "मॅडम, पुढचा कोपरा किती दिवसांत होईल?"

"पाटी आज उतरवलीस तर काम उद्या सुरू करते."

"आज उतरवतो," तो म्हणाला, आणि खरंच, त्याच दुपारी कटर घेऊन आलेल्या माणसांबरोबर तो स्वतः परांचीवर चढला. पत्र्याचा एकेक तुकडा खाली येत गेला आणि मागून नगरकरांनी कित्येक वर्षांत न पाहिलेला चेहरा बाहेर येत गेला: कमानींच्या खिडक्या, त्यांच्यावर चुन्यात कोरलेल्या वेली, आणि मधोमध वसंतशेठच्या आजोबांनी कोरून घेतलेला तराजू.

ती दिवाळी मागच्या निम्म्या दुकानात झाली. साड्यांना कांद्याचा वास येतो अशी तक्रार दोन गिऱ्हाइकांनी केली, आणि मृणालनं त्यांना सगळी हकीकत सांगून त्याच साड्या विकल्या. हिवाळाभर आम्ही दर्शनी कोपऱ्याचं काम केलं. पाडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या शेडमधला जुना साग मिळाला, त्याचे जोड तुळयांना दिले. चौकातल्या फळ्या काढल्या. सगळ्यात शेवटी, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, वरचे पत्रे उचलले आणि नव्या काचा बसवल्या. तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून ऊन सरळ तळमजल्याच्या फरशीवर उतरलं. खाली पितळेची भांडी मांडलेली होती. ती पेटल्यासारखी दिसली.

महापालिकेनं माडी वारसा यादीत घेतली. नीलेशनं बिल्डरला त्याचं चित्र परत दिलं. त्याच्या वाट्याच्या दुसऱ्या मजल्यावर त्यानं आता लग्नाच्या पोशाखांचा स्वतःचा विभाग काढलाय आणि तो काकांच्या विभागापेक्षा जास्त चालतो असं तो म्हणतो. मृणालला ते मान्य नाही.

वैशाखात मी सहज म्हणून तिकडे गेले. तीन वऱ्हाडं एकदम आलेली. सज्ज्यांतून साड्या खाली सोडलेल्या, बाया वर-खाली एकमेकींना हाका मारतायत, एका कडीला झोळी बांधलेली आणि तिच्यात एक तान्हं झोपलेलं. रावसाहेबांच्या नातीचा बस्ता आदल्याच आठवड्यात इथं झाला होता. चौकाच्या मधोमध नीलेश उभा होता आणि त्याच्याभोवती राजूरकडची दहा-बारा माणसं माना वर करून ऐकत होती.

"ही तुळई बघा," तो हात उंचावून सांगत होता. "अस्सल साग. हिच्यावर आम्ही दोन हजार गोण्या कांदा चढवला. दोन हजार! तीन दिवस ठेवला. केसभर हलली नाही."

"काय सांगताय!" एक म्हातारा म्हणाला.

"मग! या मॅडम आल्याच बघा, त्यांनाच विचारा. इंजिनिअर आहेत."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. गोण्या किती होत्या ते माझ्या अहवालात वजनासकट लिहिलेलं आहे. दोन हजारांच्या जवळपासही नव्हत्या. ठेवल्या होत्या एक दिवस. आणि तुळया हलल्या होत्या, मोजण्याइतक्या, वाचण्याइतक्या. उभ्या आयुष्यात मी मिलिमीटरचा दशांशही कुणाला सोडलेला नाही.

"खरं हाय का, बाई?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"खरं आहे," मी म्हटलं. "मी स्वतः मोजलंय."